बँडमास्तरांनी मारलेली गाठ

रंगपंचमीला दोन दिवस उरले की आमच्या चौकात कुदळीचा आवाज सुरू होतो. वर्षभर ज्या जमिनीवरून रिक्षा आणि भाजीच्या गाड्या जातात तीच माती उकरली जाते, तिच्याखालचे जाड लाकडी ओंडके एकेक करून उचलले जातात आणि चौकाच्या मधोमध चांगला खोल दगडी हौद उघडा पडतो. आम्ही नाशिककर त्याला रहाड म्हणतो. वर्षातून एकदा उघडायची, रंगाच्या पाण्याने भरायची, एक दिवस तिच्यात उड्या मारायच्या आणि पुन्हा बुजवून टाकायची. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, ‘मग तुम्ही मारलीत का कधी उडी?’ हा प्रश्न मला मुळीच आवडत नाही.

यंदा कुदळ सुरू झाली तेव्हा मी लोखंडी ट्रंक उपसत होते. गॅलरीतल्या वॉशिंग मशीनवर रंग उडू नये म्हणून एखादी जुनी चादर हवी होती. चादर काही मिळाली नाही. तळाशी, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, ह्यांचा टाय मिळाला. गडद लाल, त्यावर तिरप्या पांढऱ्या रेघा, आणि गाठ मारलेली तशीच. ही गाठ आमच्या लग्नात बँडमास्तरांनी मारली होती. तेव्हापासून ती कोणी सोडलेली नाही, कारण ती पुन्हा मारू शकेल असं माणूस आमच्या दोन्ही घरांत नव्हतं.

टाय हातात घेऊन मी तिथेच फरशीवर बसले. खाली कोणीतरी ‘जरा दमानं, दमानं’ म्हणत ओंडका ओढला आणि वर्षभर कोंडलेल्या मातीचा ओलसर, कुबट वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षांचा राग आहे, त्याला एवढंही पुरतं.

जागा हीच. तेव्हा ही इमारत नव्हती, आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं, तेही वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला लाकडी सज्जा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या रंगपंचम्या मी त्या सज्ज्यातून पाहिल्या. आदल्या दिवशी चौकात मोठमोठ्या कढया चढायच्या, त्यांत पळसाची फुलं उकळायची. त्याचा तुरट वास वाळत घातलेल्या कपड्यांना लागायचा, अंथरुणाला लागायचा, आईच्या वरणालाही लागायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी रहाडीची पूजा व्हायची, मानकरी पहिली उडी घ्यायचे आणि मग गर्दी सुटायची. ह्या उडीला आमच्याकडे धप्पा म्हणतात. नुसतं पाण्यात उतरायचं नसतं, अंग असं टाकायचं की पाणी उसळून काठावरचे सगळे भिजले पाहिजेत. एकामागून एक धप्पे, ढोल, शिट्ट्या, आणि बघता बघता सगळी आळी केशरी. आमचे गणिताचे मास्तर उघड्या अंगाने धप्पा मारताना मी पाहिलेत. समोरचे पोस्टातले काका, ज्यांच्या तोंडून आठवड्याला चार शब्द निघत नसत, ते रहाडीतून वर आले की हात उंचावून नाचायचे. माझा धाकटा भाऊ आठव्या वर्षापासून खाली. त्याच्या कानामागचा रंग गुढीपाडव्यापर्यंत टिकायचा आणि तो शाळेत मुद्दाम मान वळवून सगळ्यांना दाखवायचा.

मी वर. आमच्याकडे आत्या राहायची, वडिलांची थोरली बहीण. रंगपंचमीला सज्ज्यावर तिचा पहारा असे. ‘मुलींनी वरून बघायचं. वरून जास्त दिसतं,’ ती म्हणायची. खोटं नव्हतं ते. वरून सगळं दिसायचं, फक्त अंगावर थेंब यायचा नाही.

पण मी दरवर्षी थोडी थोडी खाली सरकत होते. दहाव्या वर्षी जिन्याच्या वरच्या पायरीवर, अकराव्या वर्षी मधल्या वळणावर. बाराव्या वर्षी दुष्काळामुळे रहाड उघडलीच नाही, ते वर्ष फुकट गेलं. तेराव्या वर्षी मी ओट्यावर पोचले. एक धप्पा पडला, पाणी उसळलं आणि माझ्या परकरावर तळहाताएवढा केशरी डाग पडला. पाणी गार होतं आणि त्याला मातीचा वास होता. मी आणखी एक पायरी उतरणार तेवढ्यात मागून आत्याने वेणी धरली.

‘कुठं निघालीस गं?’

वडील आत दारापाशी उभे होते. ते रागावले नाहीत. मला आत घेतलं आणि दाराला कडी लावली. आईने संध्याकाळी लिंबू आणि मीठ लावून परकर घासला. मी खूप रडले. सगळ्यांना वाटलं वेणी ओढल्यामुळे रडतेय. मी रडत होते तो डाग गेला म्हणून. पुढच्या वर्षापासून जिन्याचं खालचं दारच त्या दिवशी बंद राहू लागलं आणि मी सज्ज्यातही जायचं सोडून दिलं.

पुढे लग्न ठरलं. हे सातपूरच्या एका कारखान्यात होते. वडिलांनी जावयाला मेनरोडवरून सूट शिवून दिला आणि त्याबरोबर हा टाय. लग्नाच्या दिवशी गाठ कोणालाच येईना. नवरदेव गळ्यात टाय लोंबकळत ठेवून घोड्यापाशी उभे, मामा एकीकडून ओढतायत, मावसभाऊ दुसरीकडून, आणि मुहूर्त जवळ येतोय. शेवटी बँडमास्तर पुढे झाले. क्लॅरिनेट काखेत धरून त्यांनी दोन झटक्यांत गाठ मारली.

‘आता ही सोडू नका साहेब,’ त्यांनी बजावलं. ‘सैल करायची, डोक्यातून काढायची अन् खुंटीला लावायची. लय वर्षं जाईल.’

ह्यांनी ते अक्षरशः पाळलं. माझा एखादा सल्ला इतका पाळलेला मला आठवत नाही.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं तेव्हा ह्यांच्या कारखान्यात जर्मनीहून मोठं यंत्र यायचं ठरलं. ते शिकायला ह्यांना आठ महिन्यांसाठी तिकडे पाठवलं आणि शेवटचे दोन महिने मलाही जायला मिळालं. आळीतल्या बायका मला बघायला आल्या होत्या. मेतकूट, चिवडा, लिंबाचं लोणचं, दोन स्वेटर आणि भावाने दिलेला कानटोपी असलेला कोट एवढं घेऊन मी निघाले. नदीकाठचं मध्यम आकाराचं शहर होतं ते. एका म्हाताऱ्या विधवा बाईच्या घरात आम्हाला खोली होती. बाई तळमजल्यावर आणि आम्ही, अर्थातच, वर.

पहिला महिना मी त्या शहरात माणसाचा आवाज ऐकला नाही. संध्याकाळी सहाला दुकानं बंद, सातला रस्ता रिकामा. लोक एकमेकांना मान हलवून नमस्कार करायचे आणि चालू लागायचे. खिडकीतून खाली बघायचं तर एखादा कुत्रा मालकाला घेऊन फिरताना दिसायचा. आमच्याकडे अंत्ययात्रेलाही याहून जास्त आवाज असतो. मी दिवसभर पोळ्या करून, स्वेटर उसवून, पुन्हा विणून काढला असेल तो महिना.

मग फेब्रुवारीतल्या एका बुधवारी जेवताना हे म्हणाले, ‘उद्या इथे बायकांचा सण आहे म्हणे. मालकीणबाई सांगत होत्या.’ ह्यांना एव्हाना कामापुरती जर्मन भाषा यायला लागली होती. ‘सकाळपासून बायका सोंगं घेऊन रस्त्यावर येतात. त्यांचंच राज्य. दिसेल त्या पुरुषाचा टाय कात्रीने कापून टाकतात. कोणी रागवायचं नाही, उलट गाल पुढे करायचा.’

‘मग उद्या टाय घालू नका.’

‘घालावा लागणार. सगळे घालून येणार आहेत.’

‘बाबांनी दिलेला आहे तो. आणि गाठ पुन्हा मारणार कोण? कापू देऊ नका.’

‘कोणालाच नाही?’

‘कोणालाच नाही,’ मी म्हटलं आणि ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास खाली ढोल वाजला. मी पोळी तव्यावर टाकून खिडकीकडे धावले. ज्या रस्त्यावर महिनाभर कुत्रं आणि मालक एवढेच दिसले होते तिथे शेकडो बायका होत्या. तरुण, म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या. कोणी चेटकीण झालेली, कोणी मांजर, कोणी पोलीस. तोंडं रंगवलेली, नाकावर लाल गोळे. तुताऱ्या वाजत होत्या, कागदाचे रंगीत कपटे उडत होते, वरच्या खिडक्यांकडे गोळ्या-चॉकलेटं फेकली जात होती. कोपऱ्यावरच्या बेकरीत जॅम भरलेले गोल वडे तळणीतून निघत होते, त्याचा गोड खमंग वास वर येत होता. एका टाय घातलेल्या गृहस्थाला चौघींनी घेरलं, कचकन टाय कापला, त्याच्या गालाचा पापा घेतला आणि तो माणूस लाजून हसत पुढे गेला. माझी पोळी करपली. मला पोस्टातले काका आठवले.

दारावर थाप पडली. मालकीणबाई होत्या. सत्तरीची बाई, डोक्यावर उंदराचे कान, काजळाने मिशा काढलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रस्त्याकडे बोट केलं आणि आपल्या गळ्यातली, लाल फितीला बांधलेली छोटी कात्री काढून माझ्या गळ्यात अडकवली. मग हात धरून ओढू लागल्या. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, मिस्टर येतील, विचारते, मग येते. त्यांना काय समजलं कोण जाणे. त्या खांदे उडवून खाली गेल्या.

मी दुपारभर खिडकीत. चार वाजता राहवेना. साडीवर कोट चढवला, पायात मोजे आणि चपला, गळ्यात कात्री, आणि जिना उतरून रस्त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. हात कोपरात अडकवून बायकांची लांबच्या लांब रांग गाणं म्हणत, डोलत येत होती. माझ्यासमोर येताच शेवटच्या बाईने, मांजर झाली होती ती, आपलं मोकळं कोपर माझ्यापुढे केलं. चेहऱ्यावर ओळखीचं हसू. रांग माझ्यासाठी थांबली. मला फक्त एक पायरी उतरायची होती.

मी मागे झाले. वेणी धरायला आत्या नव्हती, कडी लावायला वडील नव्हते, ह्यांना तर पत्ताही नव्हता. माझाच पाय मागे आला, आणि मीच दार लावून घेतलं. वर येऊन कात्री गळ्यातून काढली आणि टेबलाच्या खणात ठेवली. मग तिथल्या तिथे ठरवून टाकलं की ह्यांना विचारल्याशिवाय कसं जायचं. म्हणजे हे कारण मी नंतर तयार केलं. तेव्हा तर कुठलंच कारण नव्हतं.

सहाला हे आले. कोट काढला. टाय अखंड, गळ्यात सरळ. मला त्या सरळपणाचाच राग आला. ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, ‘घरात कात्री आहे का?’

‘आहे खणात. कशाला?’

‘काही नाही. सहज.’ हे माझ्यापुढे जरा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘कुठे गेली नाहीस?’

‘मी कुठे जाणार?’ मी म्हटलं.

ह्यांनी टाय सैल केला, डोक्यातून काढला आणि खुंटीला लावला. रात्री रस्ता आणखी पेटला. दिव्यांच्या माळा, बँड, माणसं खांद्याला खांदा लावून डुलत गात होती, आता पुरुषही त्यात होते आणि त्यांच्या गळ्यांत अर्धे टाय लोंबत होते. मी खिडकी उघडून बघत बसले होते. हे मागून आले, म्हणाले, ‘गार वारा येतोय,’ आणि खिडकी लावून घेतली. आवाज एकदम बंद झाला. काचेला बाहेरून एक हिरवा कपटा चिकटला होता, तो सकाळपर्यंत तिथेच होता.

ती लावलेली खिडकी मी आयुष्यभर वाजवली. परत आल्यावर आळीतल्या बायकांनी विचारलं, काय पाहिलंस गं तिकडे? मी सांगायची, पाहिलं ना, खिडकीतून, तेवढी मोठी जत्रा दारात आणि ह्यांनी मला जाऊ दिलं नाही. महिला मंडळात हेच सांगितलं, मुलीच्या लग्नानंतर तिच्या सासरीही सांगितलं. सांगता सांगता गोष्ट घासूनपुसून इतकी गुळगुळीत झाली की मलाच ती खरी वाटू लागली. हे शेजारी बसून ऐकायचे आणि पेपरचं पान उलटायचे. निरोप घेताना मालकीणबाईंनी भेट म्हणून दिलेली ती कात्रीही आमच्याबरोबर नाशकाला आली होती. फीत केव्हाच गेली. दुधाच्या पिशव्या, मसाल्याची पाकिटं, परकराच्या नाड्या, सगळं तिनेच कापलं.

आणि आता पुन्हा तीच गंमत. माहेरचं जुनं घर पाडून इमारत झाली, तिच्यात आम्ही जागा घेतली, तिसऱ्या मजल्यावर. म्हणजे मी अजून वर गेले. हल्ली रहाडीवर बायकांसाठी वेगळी वेळ ठेवतात. पहिल्या मजल्यावरची सून दरवर्षी बोलवायला येते, ‘काकू, चला की या वर्षी,’ आणि मी गुडघ्याचं कारण सांगते. गुडघा दुखतो, खोटं नाही. पण मी तेरा वर्षांची असताना गुडघा दुखत नव्हता.

तर मी टाय घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. हे पेपर वाचत होते.

‘हा घ्या तुमचा टाय. आहे तस्सा आहे. एक दिवस मला खाली जाऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं?’

एरवी यावर पान उलटतं. आज ह्यांनी पेपर खाली ठेवला. टाय घेतला, उलटसुलट पाहिला, सदऱ्यावरच डोक्यातून घातला आणि गाठ वर सरकवली. मान बारीक झाली आहे आता, गाठ गळ्याशी जाऊन बसली.

‘जिन्यात घातला होता,’ हे म्हणाले.

‘काय?’

‘त्या दिवशी. सकाळी कारखान्याच्या फाटकातच काढून खिशात ठेवला होता. दिवसभर कात्र्या घेऊन बायका येत होत्या, मी मोकळा गळा दाखवायचो. संध्याकाळी आपल्या जिन्यात उभा राहून पुन्हा घातला. मालकीणबाई तुला कात्री देणार होत्या ते माहीत होतं मला.’

मी खाली ठेवलेला पेपर उचलला आणि उगाच त्याची घडी घातली.

‘मी विचारलं पण तुला, कात्री आहे का म्हणून,’ हे म्हणाले.

‘मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? काप म्हणायचं ना.’

‘तू म्हणाली होतीस, कोणालाच नाही.’

‘आणि खिडकी? ती का लावलीत?’

‘तू कुडकुडत होतीस.’

मी खुर्चीत बसले. खाली पुन्हा ओंडका सरकला. इतक्या वर्षांत जे आईला नाही, मुलीला नाही, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं ते मी बोलून टाकलं. ‘मी दारापर्यंत गेले होते. कोणी अडवलं नव्हतं मला. माझी मीच परत आले.’

‘माहीत आहे.’

‘तुम्हाला कसं माहीत?’

‘मालकीणबाईंनी रस्त्यावरून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात सांगितलं.’

‘माहीत होतं? आणि मी गावभर तुमच्या नावाने ओरडत फिरले ते ऐकत बसलात?’

‘कोणाच्या तरी नावाने ओरडणारच होतीस,’ हे म्हणाले. ‘आत्या तर गेल्या होत्या.’

मला इतका संताप आला की रडूच येईना. चाळीस वर्षं जपलेली तक्रार ह्यांनी दोन वाक्यांत काढून घेतली, आणि वर शांत. आता मी कोणावर रागवायचं? मी तरातरा स्वयंपाकघरात गेले, ओट्यावरची तीच कात्री घेतली आणि बाहेर आले.

‘उभे राहा.’

हे उठून उभे राहिले.

‘मान वर करा.’

ह्यांनी मान वर केली. मी गाठीच्या खाली टाय धरला आणि कात्री लावली. कापड पात्यांच्या मध्ये दुमडलं आणि तसंच राहिलं. पुन्हा लावली, जोर केला. दोन धागे तुटले. कात्रीला धार कुठली असायला, पिशव्या कापून कापून तिचा चमचा झालेला. मी तिसऱ्यांदा लावली, चौथ्यांदा लावली. हे छताकडे बघत मान वर धरून उभे होते आणि त्यांच्या गळ्याची शीर माझ्या बोटांना लागत होती.

‘राहू दे,’ हे वर बघतच म्हणाले. ‘परवा धार लावून आणतो.’

‘परवा मला वेळ नाही,’ मी म्हटलं. ‘परवा मी खाली असेन. हलू नका, असेच उभे राहा.’